जुनी डिझेल कार स्वस्तात मिळतेय? टोकन देण्याआधी हे तपासा

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिथल्या सात आसनी गाड्या महाराष्ट्रात स्वस्तात विकायला येतात. पण मूळ आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की हिशेब बदलतो. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. रोज दोन-चार किलोमीटरच फिरल्यास इंजिन पुरेसे तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. तो बदलणे महागात पडते. तेवढ्याच वापरासाठी पेट्रोल गाडी बरी.

इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.