रात्री दहाचा मेसेज आणि आपला वेळ

रविवारची सुट्टी आपल्याला लढून मिळाली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी मालकांना साप्ताहिक सुट्टी मान्य करावी लागली.

आज गिरणीच्या भोंग्याची जागा व्हॉट्सॲपने घेतलीय. ‘माहिती तात्काळ पाठवा’ असा मेसेज रात्री दहाला आला की मुखेडसारख्या गावातल्या गुरुजींचं, आशाताईंचं ताट तसंच राहतं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोनपासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

तोवर बोलायचं आपणच. सरळ नकारापेक्षा वेळ सांगितलेली जास्त चालते, असं माझं ठाम मत आहे: “सर, उद्या अकरापर्यंत देतो.” कारणांची लांबण लावू नका. साहेबांना निवांत वेळ बघून आधीच सांगा, “बाळंतपण-अपघातासारखं तातडीचं असेल तर फोन करा, लगेच उचलेन. बाकी मेसेज सकाळी बघेन.” मग ग्रुप खुशाल म्यूट करा.

आणि ताणानं झोपच उडाली असेल तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.