रेघ की रांग?

डॉलरचा भाव पुढच्या तासाभरात कुठे जाईल, हे चलनबाजारातल्या दोघांना विचारून बघा. चार्टवाला स्क्रीनवर आडवी रेघ ओढेल आणि म्हणेल, ‘भाव इथे दोनदा अडलाय, तिसऱ्यांदाही अडेल.’ ऑर्डर फ्लोवाल्याचा सवाल वेगळा असतो. त्या भावाला रांगेत कोण उभं आहे? घेणारे किती, विकणारे किती आणि घाई कोणाला आहे? एकाचा भरवसा रेघेवर, दुसऱ्याचा रांगेवर. वाद जुना आहे आणि त्यातल्या कथा भलत्याच रंगतदार आहेत.

रोज ९.६ लाख कोटी डॉलर

बासेलची ‘बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स’ दर तीन वर्षांनी या बाजाराची मोजदाद करते. एप्रिल २०२५ मध्ये दिवसाची सरासरी उलाढाल निघाली सुमारे ९.६ लाख कोटी डॉलर. शंभरातल्या ८९ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या लंडनचा.

आता गंमत बघा. एवढ्या अवाढव्य बाजाराला स्वतःचं एकच असं एक्स्चेंज नाही. शेअरबाजारात एखाद्या शेअरच्या किती ऑर्डर लागल्यात ते स्क्रीनवर दिसतं. चलनाची रांग मात्र शेकडो बँकांत, ब्रोकरांत आणि प्लॅटफॉर्मवर विखुरलेली असते आणि प्रत्येकाला तिचा आपल्यापुरता तुकडा दिसतो. मोबाइलवरच्या ट्रेडिंग ॲपमध्ये चार्टखाली ‘व्हॉल्यूम’च्या दांड्या दिसतात ना? बहुतेक वेळा तो आकडा फक्त त्या ब्रोकरकडे भाव किती वेळा हलला याचा असतो. किती डॉलर विकले गेले, हे त्यातून कळत नाही. ‘आमच्याकडे अख्ख्या बाजाराचा ऑर्डर फ्लो दिसतो’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून म्हणूनच चार हात लांब राहावं.

घेणारा कोण, विकणारा कोण?

प्रत्येक सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. मग खरेदी जास्त झाली की विक्री, हे ठरवायचं कसं? पुढाकार कोणाचा, ते बघायचं. समजा, डीलरने भाव लावलाय : घेईन ८६.५० ला, देईन ८६.५१ ला. कोणी आला आणि घासाघीस न करता ८६.५१ ला दहा लाख डॉलर उचलून गेला, तर खात्यात ‘अधिक’. कोणी ८६.५० ला ओतून गेला, तर ‘उणे’. दिवसअखेरीस अधिक-उण्याची जी बेरीज उरते, ती ऑर्डर फ्लो. लासलगावच्या कांदा मार्केटमध्ये कालच्या भावाच्या फळ्याकडे बघणं निराळं आणि आज आवारात किती ट्रॅक्टर उभे आहेत, किती व्यापारी आलेत ते मोजणं निराळं. तसाच हा फरक.

अर्थशास्त्रज्ञ डीलरच्या शेजारी बसला

१९८३ मध्ये रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ यांनी अर्थशास्त्राची नामांकित सूत्रं तपासून पाहिली. व्याजदर, पैशाचा पुरवठा, व्यापारी तूट असं सगळं त्यांत घातलेलं होतं. जवळच्या मुदतीत या सूत्रांचा अंदाज ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ या सरधोपट अंदाजापुढेही टिकेना. अख्खा विषय हादरला.

मग रिचर्ड लायन्स हे अर्थशास्त्रज्ञ बँकेत डीलर असलेल्या एका मित्राशेजारी काही दिवस जाऊन बसले. मित्र दिवसाला शंभर कोटी डॉलरहून जास्तीचे सौदे करत होता. एक कोटी डॉलरचा सौदा तिथे नेहमीचा आणि दहा लाखांचा म्हणजे अगदीच किरकोळ. महागाई, तूट अशा बातम्यांकडे मित्राचं लक्ष क्वचितच जाई. कोण घेतंय, कोण विकतंय, यावर मात्र कान टवकारलेले. लायन्स यांच्या संशोधनाची दिशाच त्यानंतर बदलली. मार्टिन इव्हान्स यांच्यासोबत त्यांनी १९९६ च्या मे ते ऑगस्ट महिन्यांतले डॉलर-जर्मन मार्कचे सौदे तपासले. रोजच्या चढउतारापैकी ६० टक्क्यांहून जास्त भागाचा उलगडा एकट्या ऑर्डर फ्लोने होत होता! २००२ मध्ये हा निबंध छापून आला आणि ‘रांग’ पक्षाला विद्यापीठात मानाचं पान मिळालं.

तांदळाच्या पेठेतून आलेली मेणबत्ती

चार्टवाल्यांची परंपराही लहानसहान नाही. ओसाकाच्या दोजिमा तांदूळ बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि तिथे पुढच्या मुदतीचे सौदे होत. भाव मेणबत्तीसारख्या कांड्यांनी दाखवणाऱ्या कॅन्डलस्टिक चार्टचं श्रेय साकाता गावच्या होम्मा मुनेहिसा या तांदूळ व्यापाऱ्याला दिलं जातं, पण त्याला ठोस पुरावा नाही. १९८८ मध्ये लंडनच्या डीलरांची पाहणी झाली. त्यांतले निदान ९० टक्के जवळच्या मुदतीसाठी चार्टला थोडंफार तरी वजन देत होते.

भांडण मिटवलं कॅरोल ऑस्लर यांनी

मला या विषयातलं सगळ्यात लखलखीत काम वाटतं ते कॅरोल ऑस्लर यांचं. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत असताना त्यांनी साधा प्रश्न विचारला. सहा संस्था आपल्या ग्राहकांना सपोर्ट-रेझिस्टन्सचे आकडे, म्हणजे पडणारा किंवा चढणारा भाव जिथे अडेल असे आकडे, रोज पाठवत. भाव तिथे खरोखर अडतो का? उत्तर आलं, हो. मनाला येईल त्या आकड्यापेक्षा या आकड्यांवर भाव जास्त वेळा थबकत होता.

पण का? त्यासाठी त्यांनी एका मोठ्या बँकेकडे ग्राहकांनी ठेवलेल्या हजारो ऑर्डर चाळल्या. माणसांना राऊंड फिगर आवडतो, हे गुपित त्यात सापडलं. डॉलर-येनचा भाव ११० कडे चढतोय असं धरा. नफा पदरात पाडून घेणारे नेमके ११०.०० ला विकायला बसलेले असतात. तिथे विक्रीची भिंत उभी राहते, भाव आपटून मागे येतो आणि चार्टवाला म्हणतो, ‘बघा, रेझिस्टन्स!’ आधी विकून बसलेल्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी ठेवलेल्या खरेदीच्या ऑर्डर, मात्र थोडे पुढे, ११०.१० च्या आसपास लावलेले असतात. भिंत फुटली की तिथे खरेदीचा भडका उडतो. एक स्टॉपलॉस लागला की भाव वर, वर गेला की पुढचा लागतो, मग त्याच्या पुढचा. चार्टच्या भाषेत याला म्हणतात ब्रेकआउट.

म्हणजे रेघेत ताकद येते ती रांगेमुळे! दोन्ही पक्ष एकाच भिंतीकडे दोन बाजूंनी बघत होते.

रांगेत एकच माणूस असेल तर?

सप्टेंबर २०११ मध्ये स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं, युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढची तीनेक वर्षं चार्टवर १.२० ची जमीन कशी फरशी घातल्यासारखी दिसत होती. इतका भक्कम सपोर्ट कोणत्याच चलनात सापडला नसता. पण त्या जमिनीखाली होता एकच खरेदीदार, खुद्द ती बँक. १५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना, तिने अंग काढून घेतलं. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. स्टॉपलॉस लावलेल्यांनाही आपल्या भावाला समोर घेणाराच मिळेना. काही ब्रोकर त्या एका दिवसात बुडाले. आपल्या सपोर्टखाली किती जण उभे आहेत हे विचारायची सवय मला तरी याच दिवसाने लावली.

लंडनचे चार, मुंबईचे साडेबारा

लंडनमध्ये दुपारी चारला एक प्रमाणभाव ठरतो. जगभरचे फंड त्याच भावाने हिशेब करतात, म्हणून त्या क्षणी ऑर्डरींची झुंबड उडते. पूर्वी तो ठरायचा फक्त साठ सेकंदांतल्या सौद्यांवरून. वेगवेगळ्या बँकांचे डीलर चॅटरूममध्ये आपापल्या ग्राहकांच्या ऑर्डर एकमेकांना सांगत आणि भाव हवा तिकडे ढकलत. अशा एका चॅटरूमचं नावच होतं ‘द कार्टेल’. नोव्हेंबर २०१४ मध्ये बँकांना ४०० कोटी डॉलरहून जास्त दंड झाला. दुसऱ्याच वर्षी साठ सेकंदांची पाच मिनिटं करण्यात आली. रांग आधी दिसणं किती मौल्यवान असतं, याचा याहून रोखठोक दाखला सापडायचा नाही.

आपल्या रुपयाच्या रांगेतलं सगळ्यात दांडगं गिऱ्हाईक म्हणजे रिझर्व्ह बँक. ती अनेकदा सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते किंवा घेते. म्हणून सरकारी बँका विकायला आल्या की मुंबईतले डीलर लगेच सावध होतात, मग चार्ट काहीही सांगो. रुपयाचा रोजचा संदर्भ दर मुंबईत सकाळी साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या कोणत्याही पंधरा मिनिटांच्या सौद्यांवरून काढतात. ती पंधरा मिनिटं कोणती, हे चिठ्ठी काढावी तसं ठरतं, म्हणजे त्या वेळेवर डोळा ठेवून रांग लावायची सोयच राहत नाही.