सीताफळाचा बाजार आणि मतपेटी : तैवानची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं लेखरूप)



गेल्या हंगामात आमच्या गटाची मासिक बैठक चालू होती. विषय होता सीताफळाचा गर काढून विकायचा. तेवढ्यात एका ताईंच्या मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एका बाईच्या दोन्ही हातांत मिळून एकच सीताफळ मावलं होतं, एवढं मोठं! हिशेबाची वही बाजूला राहिली आणि सगळ्याजणी मोबाईलभोवती गोळा झाल्या. मुलगी म्हणाली, "हे तैवानचं आहे." तशी एका काकूंनी विचारलं, "तैवान म्हणजे चीनच ना गं?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्या बेटावरच्या माणसांचं सगळं राजकारण याच प्रश्नाभोवती फिरतं. आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचा तिथल्या सीताफळाच्या भावाशीही संबंध आहे. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या.

चीन की तैवान?

तैवान हे चीनच्या किनाऱ्यासमोरचं बेट. मधली सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागी सुमारे १३० किलोमीटर. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढं, आणि लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख.

१८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं या बेटावर जपानचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि बेट चीनच्या तेव्हाच्या सरकारकडे गेलं. पुढं चीनमध्ये यादवी युद्ध झालं. १९४९ साली साम्यवादी पक्ष जिंकला. हरलेलं सरकार सैन्य आणि लाखो माणसं घेऊन तैवानला आलं आणि तिथूनच 'आम्हीच खरा चीन' म्हणत राहिलं. त्या सरकारचा पक्ष म्हणजे कुओमिंतांग. म्हणून तैवानचं कागदोपत्री नाव आजही 'चीनचं प्रजासत्ताक' असं आहे.

आजच्या चीन सरकारचं म्हणणं, तैवान आमचाच भाग आहे. पण त्या सरकारनं तैवानवर एक दिवसही राज्य केलेलं नाही. तैवानचं सरकार, सैन्य, चलन, पासपोर्ट सगळं वेगळं आहे. तरी चीनच्या धाकामुळे जगातले मोजकेच देश त्याला उघडपणे देश म्हणतात. भारताचेही तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. व्यापार आणि सांस्कृतिक कामासाठी कार्यालयं आहेत. दिल्लीत आधीपासून आहे, २०२४ साली मुंबईतही उघडलं.

आजी, आई आणि लेक

आता आपण एका बाईची कल्पना करू. ती राहते तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, ताइतुंग जिल्ह्यात. हा सीताफळाचा जिल्हा. ही बाई आणि तिचं घर माझ्या कल्पनेतलं आहे, पण मी सांगते ते विचार तिथल्या मतदारांमध्ये खरोखर आढळतात.

तिची आजी जपानी राज्यात शिकली. शाळेत जपानी बोलायची. तिची आई शाळेत गेली तेव्हा कुओमिंतांगचं सरकार होतं. शाळेत फक्त सरकारी चिनी भाषा चाले. घरची तैवानी बोली तोंडातून निघाली की मुलांना दंड व्हायचा. १९४९ ते १९८७, तब्बल ३८ वर्षं तिथं लष्करी कायदा होता. सरकारविरुद्ध बोलणारी कितीतरी माणसं तुरुंगात गेली, कितीतरी मारली गेली. म्हणजे एका घरातल्या दोन बायकांना दोन सरकारांनी सांगितलं, 'तुम्ही कोण ते आम्ही ठरवणार.'

आपली ही बाई मात्र मोठी झाली ती मतदानाच्या काळात. १९९६ साली तिथं पहिल्यांदा लोकांनी थेट मतदान करून राष्ट्राध्यक्ष निवडला. त्या निवडणुकीआधी चीननं तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. हेतू हा, की लोकांनी घाबरावं. लोक घाबरले असतील, पण घरी बसले नाहीत. चीनचा ज्यांच्यावर राग होता ते ली तेंग-हुई ५४ टक्के मतं घेऊन निवडून आले. वीस वर्षांनी, २०१६ साली, त्साई इंग-वेन ही त्या देशाची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली.

'तुम्ही स्वतःला कोण समजता?' असा प्रश्न तिथलं एक विद्यापीठ १९९२ पासून दरवर्षी लोकांना विचारतं. सुरुवातीला जवळपास निम्मे लोक म्हणत, 'आम्ही तैवानीही आहोत आणि चिनीही.' फक्त तैवानी म्हणणारे पाचातला एकही नव्हता. आता साठ टक्क्यांहून जास्त लोक म्हणतात, 'आम्ही तैवानी.' फक्त चिनी म्हणणारे शंभरात दोन-तीनच उरले. त्यांचे देव, सण, जेवण, लिपी यांतलं बरंच चीनमधूनच आलेलं आहे. त्याची त्यांना लाज नाही. पण पूर्वज कुठून आले ही एक गोष्ट आणि आपला कारभार कुणी करायचा ही दुसरी, असं ते म्हणतात. बेटावर फार पूर्वीपासून राहणारे आदिवासीही आहेत. त्यांचा चीनशी तेवढाही धागा नाही. त्यांच्यासाठी संसदेत सहा जागा राखीव आहेत.

मतदानाचा दिवस

१३ जानेवारी २०२४, शनिवार. सीताफळाच्या तोडणीचा ऐन हंगाम. तरी आपली बाई सकाळीच मतदानाला जाते.

तिथं आपलं नाव ज्या गावच्या नोंदीत आहे त्याच गावी जाऊन मत द्यावं लागतं. टपालानं मत पाठवायची सोय नाही. म्हणून निवडणूक आली की रेल्वेगाड्या सणासारख्या भरून जातात. चीनमध्ये नोकरी-धंदा करणारेही विमानाचं तिकीट काढून येतात.

मतदान कागदी पत्रिकेवर शिक्का मारून. दुपारी चार वाजता मतदान संपतं आणि त्याच खोलीत लगेच मोजणी सुरू होते. दार उघडं असतं, कुणीही उभं राहून बघावं. एक कर्मचारी एकेक पत्रिका उचलून सगळ्यांना दाखवतो, नाव मोठ्यानं पुकारतो. दुसरा भिंतीवरच्या कागदावर एकेक रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर पूर्ण झालं की पाच मतं. आपण बैठकीत चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो, तसंच. रात्रीपर्यंत देशाचा निकाल हातात.

आपल्या आजी-आईनं जे भोगलं, त्यानंतर हे उघड्या दाराचं मोजणं त्या बाईला किती मोलाचं वाटत असेल, विचार करा.

मिलीबग आणि राजकारण

आता सीताफळाकडे येऊ. तिकडे सीताफळाला 'शाक्य' या शब्दावरून नाव पडलंय. शाक्यमुनी म्हणजे गौतम बुद्ध. बुद्धमूर्तीच्या डोक्यावर केसांचे जसे गोल वळसे असतात तशी सीताफळाची साल दिसते, म्हणून.

२०१० साली चीन आणि तैवानमध्ये मोठा व्यापार करार झाला. अनेक मालांवरचे कर कमी झाले. मागणी वाढली, भाव चढला, शेतकऱ्यांनी बागा वाढवल्या. परदेशी जाणारं सीताफळ जवळपास सगळं चीनला जाऊ लागलं.

मार्च २०२१ मध्ये चीननं तैवानचं अननस बंद केलं. सप्टेंबरमध्ये सीताफळ आणि जांब बंद केले. कारण सांगितलं, फळांवर मिलीबग सापडला. मिलीबग म्हणजे आपल्याकडचा पिठ्या ढेकूण. तैवानचं सरकार म्हणालं, कीड हे निमित्त आहे, खरा राग आमच्या मतदानावर आहे. कारण चीनपासून अंतर राखणारा पक्ष, डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी, तेव्हा सत्तेवर होता.

अननसाच्या वेळी तैवानच्या लोकांनी कमाल केली. कंपन्यांनी, हॉटेलांनी, साध्या गिऱ्हाइकांनी अननस विकत घेतले. जपाननं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल उचलला. पण खरं सांगायचं तर चीनची जागा पूर्ण भरून निघाली नाही. एका हंगामाचा उत्साह वेगळा आणि दरवर्षीचा बाजार वेगळा.

पुढं जून २०२३ मध्ये चीननं ताइतुंगच्या सीताफळाला पुन्हा दार उघडलं. निवडणूक तेव्हा सात महिन्यांवर होती. निवडणुकीनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, ताज्या फळांसह ३४ शेतमालांची करमाफी काढून घेतली.

हे वाचताना मला आमच्याच गटाची आठवण झाली. आमचा सगळा गर एकच व्यापारी घ्यायचा. एका वर्षी त्यानं ऐन हंगामात भाव पाडला. बैठकीत मी म्हटलं, आपण जाऊन बोलू. तर सगळ्या गप्प. एक ताई हळूच म्हणाल्या, "बोललो आणि त्यानं घेतलाच नाही तर?" त्या वर्षी आम्ही पडेल भावात माल दिला. नुकसान पैशाचं झालंच. पण त्याहून जास्त मला लागली ती खोलीतली शांतता.

एका घरात तीन मतं

आपल्या कल्पनेतल्या घरातही असंच बोलणं होतं. २०२४ ला तीन उमेदवार होते.

बाईचा भाऊ चीनमधल्या कारखान्यात नोकरी करतो. तो म्हणतो, "मीही तैवानीच आहे. पण शेजाऱ्याशी बोलणं तुटलं तर पोट कसं भरणार? युद्ध झालं तर?" तो कुओमिंतांगला मत देतो. चीनशी बोलणी आणि व्यापार चालू ठेवावा, असं आता तो पक्ष म्हणतो.

बाईची मुलगी राजधानी तैपेईत नोकरी करते. ती म्हणते, "तुमचं चीन-चीन पुरे झालं. माझा अर्धा पगार भाड्यात जातो." ती तिसऱ्या, नव्या पक्षाला मत देते.

आणि बाई? बाग तिची, तोटाही तिचाच. ती म्हणते, "आज मी फळांसाठी मत बदललं, तर उद्या तो दुसरं काहीतरी बंद करील. मग दरवेळी मी त्याला विचारून मत द्यायचं का?" तिचं मत सत्ताधारी पक्षाला. पण तिच्याच शेजारची बागवाली नेमकं उलटं मत देते. तीही चुकीची नाही. तिच्या डोक्यावर कर्ज आहे.

निकाल काय लागला? सत्ताधारी पक्षाचे लाय चिंग-ते ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. पण संसदेच्या ११३ जागांपैकी त्यांच्या पक्षाला ५१, कुओमिंतांगला ५२ आणि नव्या पक्षाला ८ मिळाल्या. म्हणजे खुर्ची एकाला, पण लगाम दुसऱ्यांच्या हातात. लाय यांच्या शपथविधीनंतर तीनच दिवसांनी चीनच्या सैन्यानं बेटाभोवती मोठी कवायत केली.

मला इथं एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साठ टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला तैवानी म्हणतात, तरी त्या सगळ्यांनी एकाच पक्षाला मत दिलं नाही. 'आपण कोण', 'मत कुणाला' आणि 'माल कुणाला' हे तीन प्रश्न तिथला मतदार वेगवेगळे ठेवतो. मोठं गिऱ्हाईक मात्र तिन्हींची एकच गाठ मारायला बघतं. आणि चीनशी एक व्हायचं की स्वातंत्र्य जाहीर करायचं, असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतात, सध्या आहे तसंच राहू द्या. बाहेरून हे कुंपणावर बसणं वाटेल. पण ज्याच्या दारात क्षेपणास्त्रं रोखलेली आहेत, त्याच्यासाठी तो शहाणपणाही असू शकतो.

करार वाचल्याशिवाय सही नाही

व्यापार नको, असं तैवानचे लोक म्हणत नाहीत. २०१३ साली चीनशी आणखी एक करार झाला, बँका, दुकानं, छापखाने अशा सेवांचा. संसदेत तो नीट न तपासताच पुढं रेटला गेला. तेव्हा १८ मार्च २०१४ ला विद्यार्थी संसदेच्या सभागृहात शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथंच बसून राहिले. एका फुलविक्रेत्यानं सूर्यफुलं पाठवली, म्हणून त्याला सूर्यफूल आंदोलन म्हणतात. त्यांची एक मुख्य मागणी होती, कराराचं एकेक कलम वाचा, मग मंजुरी द्या. तो करार आजही मंजूर झालेला नाही.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकं वाढवण्याची. २०२० साली तैवानच्या निर्यातीपैकी सुमारे ४४ टक्के माल चीन आणि हाँगकाँगला जायचा. २०२४ पर्यंत तो ३२ टक्क्यांच्या आसपास आला. पण हा फरक पडला तो मुख्यतः चिप आणि संगणकासारख्या मालामुळे. चिपला जगभर गिऱ्हाईक आहे. सीताफळ चार दिवसांत पिकतं. म्हणून देशाचे आकडे सुधारले तरी बागवाल्या बाईचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय २०२५ साली अमेरिकेनंही तैवानच्या मालावर जादा कर लावला. म्हणजे मित्र म्हणवणारं गिऱ्हाईकही दाब टाकू शकतं.

तर त्या काकूंना मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "काकू, चीन म्हणतो हो. तिथले बहुतेक लोक म्हणतात, आमचं आम्ही बघू. आणि दर चार वर्षांनी उघड्या दारात पत्रिका मोजून ते हे पुन्हा सांगतात, सीताफळाचा भाव पडला तरी."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गर घ्यायला आपल्यालाही दुसरा माणूस बघायला पाहिजे." त्याच बैठकीत आम्ही ठराव केला. या हंगामात निम्म्याहून जास्त गर एकाच व्यापाऱ्याला द्यायचा नाही. निभेल का, ते हंगाम संपल्यावर सांगेन.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर जरूर बोला :

१. आपला किती माल एकाच माणसाकडे जातो? त्यानं उद्या नाही म्हटलं तर?

२. 'माल कोण घेईल' किंवा 'काम कोण देईल' या भीतीनं आपण ग्रामसभेत किंवा बैठकीत कधी गप्प बसलो का?

३. गटानं शेवटची सही केलेला कागद आपल्यापैकी किती जणींनी पूर्ण वाचला होता?

पुन्हा भेटू. नमस्कार.