मुरघासाचं मशीन: सगळा खेळ एका सेंटीमीटरचा

आज एका शेतातल्या मशीनबद्दल बोलू. उभा मका समोरून आत जातो आणि वरच्या वाकड्या पाइपातून बारीक कुट्टी थेट ट्रॉलीत पडते. याला फोरेज हार्वेस्टर म्हणतात. आपल्या नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरच्या दूधपट्ट्यात लोक सरळ ‘मुरघासाचं मशीन’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, कडबा कुट्टी तर आपल्याकडे कधीची आहे, मग यात नवीन काय? बघा, कडबा वाळलेला असतो, तो तसाच टिकतो. मुरघास ओला असतो, त्याला मुरवावं लागतं. कुट्टी दाबून हवा बंद केली की जिवाणू मक्यातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच ४ च्या आसपास उतरतो आणि चारा वर्षभर टिकतो. आत हवा राहिली तर बुरशी येते. आणि हवा किती राहणार, हे बरंचसं तुकड्याच्या लांबीवर ठरतं.

ही लांबी ठरते कशी? मशीनमध्ये आधी मका आत ओढणारे रोलर असतात, मग पाती लावलेला फिरता ड्रम किंवा चाक. ही पाती एका स्थिर पात्याला अगदी घासून जातात, कात्रीसारखी. समजा १२ पाती आहेत आणि ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतोय. म्हणजे मिनिटाला १२,००० काप, सेकंदाला २००. रोलर सेकंदाला २ मीटर मका आत ढकलत असतील तर एक तुकडा होतो १ सेंटीमीटरचा. रोलरचा वेग दुप्पट केला की तुकडा २ सेंटीमीटरचा. साधा भागाकार आहे!

मक्यासाठी साधारण १ ते २ सेंटीमीटर चांगले. त्याहून लांब तुकडे नीट दाबले जात नाहीत, शिवाय जनावर गव्हाणीत निवडून खातं. फार बारीक केले तर रवंथ कमी होतो आणि पोटात आम्ल वाढतं. पाती बोथट असली तर मका कापला न जाता फाटतो, आणि लांबीचा हिशोबच कोलमडतो.

दुसरी गोष्ट दाण्याची. अख्खा दाणा गाईच्या पोटातून तसाच शेणात येतो. म्हणजे मक्यातली सगळ्यात महागडी ताकद वाया. मोठ्या स्वयंचलित मशीनमध्ये, उदाहरणार्थ जर्मनीच्या क्लास कंपनीच्या जॅग्वारमध्ये, ड्रमच्या मागे दात असलेले दोन रोलर वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि दाणा चिरडतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणाऱ्या लहान मशीनमध्ये बहुधा ही सोय नसते. तिथे कापणीची वेळ साधणं आणखी महत्त्वाचं, कारण दाणा कडक झाला की तो फोडणारं काहीच नाही.

ही वेळ ओळखायची कशी? कणीस मधोमध मोडा आणि दाणा बघा. वरून पिवळा कडक भाग आणि खालून दुधाळ भाग, यांच्यामधली रेषा साधारण अर्ध्यावर आली की कापणी करा. तेव्हा झाडात ६५ ते ७० टक्के पाणी असतं. त्याआधी कापलं तर खड्ड्यातून रस गळतो, उशीर झाला तर कुट्टी दबत नाही.

आणि धातू! शेतात पडलेली तार मशीनमध्ये गेली तर पाती तुटतात. पण त्याहून वाईट म्हणजे तारेचे बारीक तुकडे चाऱ्यात मिसळतात. गाईच्या जाळीदार पोटात ते टोचतात, आणि हृदय तिथून अगदी जवळ असतं. म्हणून मोठ्या मशीनच्या पुढच्या रोलरमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो. लोखंड जाणवलं की रोलर क्षणात थांबतात. आपल्या भाड्याच्या मशीनमध्ये हा सेन्सर नसेल, तर आदल्या दिवशी शेतात एक फेरी मारणं हाच आपला सेन्सर.

आता यात पणाला काय लागलंय, ते बघा. १० गाई, प्रत्येकीला रोज १५ किलो मुरघास धरला तर वर्षाला जवळपास ५५ टन होतो. एवढ्या सगळ्या चाऱ्याचं भवितव्य कापणीच्या एकदोन दिवसांत ठरतं. बुरशी लागलेल्या चाऱ्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर त्याचा अंश दुधातही उतरतो. म्हणजे प्रश्न गोठ्यापुरता उरत नाही, आपल्या चहापर्यंत येतो.

म्हणून मशीन ठरवताना एकराचा दर तर विचाराच, पण आणखी तीन प्रश्न विचारा. पात्यांना धार कधी लावली? तुकड्याची लांबी किती ठेवणार? बुंधा जमिनीपासून किती वर कापणार? १५ ते २० सेंटीमीटर वर कापलं तर माती कमी येते. मातीतले जिवाणू आत गेले की मुरघासाला घाण वास सुटतो. आणि पहिली ट्रॉली भरायला लागली की मूठभर कुट्टी हातात घेऊन मोजपट्टी लावा. लांबी चुकली असेल तर मशीन तिथेच थांबवून बदलून घ्या. खड्डा झाकल्यावर काही करता येत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे मुरघास खड्ड्यात करता की बॅगेत, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!