चव्हाट्यावरचा तराजू

नेरच्या आठवडी बाजारास आलेला खेड्यापाड्यांतील शेतकरी केवळ मीठमिरची घेऊन परतत नाही. कापसाचा भाव काय निघाला, कचेरीतील काम कोठे अडले, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, हे सारे तो त्याच फेरीत उरकतो. ही रीत एकट्या वऱ्हाडची नव्हे. प्राचीन रोममध्येही दर आठव्या दिवशी बाजार भरे. (रोमन लोक दोन्ही टोकांचे दिवस मोजत; त्यामुळे नाव मात्र ‘नवव्या दिवसा’वरून पडले.) खेडूत त्या दिवशी नगरात येत. नवा कायदा मतास टाकण्यापूर्वी त्याचा मसुदा तीन बाजारांच्या मुदतीपर्यंत लोकांसमोर ठेवावा लागे. कायदे करणाऱ्यांनी बाजाराची वाट पाहावी, हे आज कोणास खरे वाटावे?

रोमन नगराच्या मध्यवर्ती चौकास ‘फोरम’ म्हणत. न्यायदान, सभा, देवालये आणि व्यापार यांचा तेथे एकत्र संसार असे. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या चौकालगत एक दगडी ओटा सापडला आहे. त्यात लहानमोठे वाटोळे खळगे कोरलेले असून त्यांच्या तळाशी छिद्रे आहेत. खळगा भरला की माप पुरे झाले. मग तळ मोकळा करावा आणि माल खाली घ्यावा. ऑगस्टसच्या काळात रोमन मापे लागू झाली, तेव्हा हे जुने खळगे त्यांच्याशी जुळवून घेण्यात आले. माप दुकानदाराच्या घरी नव्हे, तर चव्हाट्यावर होते, हा यातील महत्त्वाचा भाग.

वऱ्हाडात या तत्त्वाला कायद्याचे रूप येण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. नेरपासून फार दूर नसलेल्या कारंजा येथे 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. यामागे शेतकऱ्याचा कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात हवा होता. बाजाराच्या समितीवर व्यापारी बसत, पिकविणाऱ्यास तेथे जागा नव्हती. ती उणीव भरून निघण्यास पुष्कळ काळ जावा लागला. महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने बाजार समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसविले. तथापि रुमालाखाली बोटे दाबून ठरणाऱ्या भावाऐवजी उघडा लिलाव आणि तपासलेला काटा, हा बाजार समितीच्या आवाराचा लाभ नाकारता येणार नाही.

अर्थात या आवारातही कडता, हमाली, तोलाई यांच्या तक्रारी असतात, आणि गाडीभाडे भरून दिवस मोडावा लागतो तो निराळाच. म्हणूनच खेडा खरेदी वाढते. व्यापारी दारात येतो, रोख पैसे देतो. सावकाराचा तगादा असलेल्यास एवढे पुरते. मोबाईलवर भाव कळतो, हेही खरे. पण भाव कळणे निराळे आणि त्या भावाने घेणारा दुसरा गिऱ्हाईक समोर उभा असणे निराळे. लिलावात चार जण बोली लावतात. शेतकऱ्याच्या अंगणात एकटाच बोलतो. तेथे उभ्या मेटॅडोरमध्ये काटाही त्याचाच असतो आणि वजनाचा आकडा लिहिणारी चिठ्ठीही त्याचीच.