पाण्याखालचा कॅमेरा: आधी बादली, मग समुद्र

चिपळूण-सावर्डे पट्ट्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलांचा एक प्रश्न हमखास असतो. "सर, मालवणला स्कूबाचे व्हिडिओ जोरात चालतात. पाण्याखालचा कॅमेरा घेऊ का?" व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे लिहितो.

आधी धंद्याचं बोलू. मालवण-तारकर्लीला अनेक ठिकाणी स्कूबाच्या पॅकेजमध्येच व्हिडिओ धरलेला असतो. म्हणजे पर्यटक तुमच्याकडे वेगळे पैसे घेऊन येणार नाही; तुमचं गिऱ्हाईक बोटवाला. समजा कॅमेरा, केस आणि लाईट मिळून 60,000 रुपये गेले. खाऱ्या पाण्यात सामान तीन सीझन टिकलं असं धरा. दर सीझनला 20,000 वसूल व्हायला हवेत. एका व्हिडिओमागे हातात 300 उरले, तर 67 व्हिडिओ फक्त सामानाचे. तुमची मजुरी, सावर्ड्याहून कसालला वळून मालवण गाठायचा खर्च, तिथला मुक्काम, हे सगळं त्याच्या पुढे. शिवाय पावसाळ्यात समुद्र बंद. पाणी खरं स्वच्छ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नेमका लग्नसराईचा मोठा भागही त्यातच येतो! हातातली लग्नं सोडून समुद्रावर जायचं का, हा हिशोब तुमचा तुम्ही करा.

माझं मत विचाराल तर सुरुवात गोड्या पाण्यापासून करा. रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमधलं प्री-वेडिंग, पोहायला शिकणाऱ्या मुलांचे फोटो ही कामं आहेतच. पण विहिरीकडे कोणी बघत नाही. फुटव्हॉल्व्ह कशात अडकलाय, कठड्याचे दगड खाली किती सुटलेत, तळाला गाळ किती, हे बघायला माणूस उतरवावा लागतो, आणि ते जिवावरचं काम आहे. लांब बांबूला कॅमेरा आणि लाईट घट्ट बांधून सोडला तर काठावर उभं राहून दहा मिनिटांत रेकॉर्डिंग मिळतं. गढूळ पाण्यात दिसणार नाही, हे शेतकऱ्याला आधीच सांगायचं. कॅमेरा सोडण्याआधी पंपाची वीज मेन स्विचवरून बंद करायची. आणि मोबाईलवर लाईव्ह दिसेल या भरवशावर राहू नका. वाय-फाय पाण्यातून हातभरही धड जात नाही. रेकॉर्डिंग सुरू करायचं, खाली सोडायचं, वर काढून बघायचं.

आता कॅमेरा. हातातला डीएसएलआर पाण्यात न्यायचा विचार सोडा. त्याची चांगली केस कधी कधी कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. गोप्रोची अलीकडची मॉडेल्स केसशिवाय 10 मीटरपर्यंत चालतात, ऑलिम्पसचा टीजी-6 15 मीटरपर्यंत. तरी समुद्रासाठी वेगळी केस घ्याच. दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि खोक्यावरचा आकडा नव्या कोऱ्या सीलसाठी असतो. टचस्क्रीन पाण्यात चालत नाही, म्हणून बटणांनी सगळं करता येतं का ते दुकानातच बघा.

फोटो निळे-हिरवे येतात ते का? पाणी लाल रंग सगळ्यात आधी खाऊन टाकतं. चार-पाच मीटरवरच लाल साडी मळकट तपकिरी दिसायला लागते. आणि अंतर फक्त खोलीचं मोजायचं नसतं. प्रकाश वरून वस्तूपर्यंत येतो आणि तिथून तुमच्या भिंगापर्यंत जातो, तो सगळा प्रवास मोजायचा. म्हणून पहिला नियम झूम करू नका, जवळ जा. एका मीटरच्या आत. दुसरं म्हणजे शक्यतो खालून वरच्या दिशेने घ्या. कॅमेऱ्याचा आपला फ्लॅश बंदच ठेवा. पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर भुसा उडवल्यासारखं दिसतं. लाईट लावायचाच तर भिंगापासून लांब, बाजूला. व्हाईट बॅलन्स त्याच खोलीवर पांढरी पाटी धरून लावा. सावर्ड्यातच सह्याद्री स्कूल ऑफ आर्टची मुलं आहेत. रंग दुरुस्तीला त्यांच्यातला एखादा जोडीला घेतलात, तर तुमचा व्हिडिओ बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल.

कॅमेरा बुडतो तो बहुतेकदा एका केसाने. डोक्यावरच्या केसाने! झाकणाच्या रबरी रिंगवर केस किंवा वाळूचा कण राहिला की पाणी आत. रिंग बोटाने काढा, टोकदार वस्तूने नाही. पुसा, उजेडात फिरवून बघा, कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पुसट लावा. मग केसमध्ये कॅमेरा न ठेवता टिश्यू पेपर ठेवून, वर वजन ठेवून, अर्धा तास बादलीत बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तर पूल, मग विहीर, मग समुद्र. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी ठेवा.

स्वतः स्कूबा करत शूट करायचं असेल तर आधी रीतसर कोर्स करा. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. ओपन वॉटर कोर्सने 18 मीटरपर्यंत उतरता येतं. फोटोग्राफरला शॉट स्थिर यावा म्हणून श्वास रोखायची सवय असते. स्कूबात ती घातक आहे, श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिले काही डाईव्ह कॅमेऱ्याशिवायच.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, आणि प्रवाळ व समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. गिऱ्हाईक म्हणेल, "प्रवाळावर हात ठेवून पोज देतो." नाही म्हणायचं. तुकडा उचलून आणणं तर गुन्हाच.

समुद्रातून वर आल्यावर केस लगेच उघडू नका. गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा, आत असतानाच सगळी बटणं दाबून घ्या, म्हणजे फटीतलं मीठ सुटेल. मग सावलीत वाळवा आणि कोरड्या हातांनी उघडा. बोटीवर मेमरी कार्ड बदलायची घाई करू नका. 128 जीबीचं एकच कार्ड आणि पूर्ण चार्ज बॅटरी घालून निघा, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर गिऱ्हाईक कपडे बदलेपर्यंत व्हिडिओ त्याच्या मोबाईलवर द्या. "नंतर पाठवतो" म्हटलं की पैसेही नंतरच येतात.