पन्नासचे दहा कसे झाले?

सेमाडोहच्या एका शिक्षकमित्रांनी होळीनंतर आम्हाला एक प्रश्न लिहून पाठविला. मेळघाटात होळी हा कोरकू कुटुंबांचा मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली मुले त्या दिवसांत घरी येतात. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी आय.टी.आय. करून पुण्याकडच्या एका कारखान्यात सी.एन.सी. यंत्रावर लागला आहे; तोही आला होता, पण चेहरा उतरलेला. "गुरुजी, म्या त पन्नासच लिवलं होतं, मशिनीनं दहा कसं वाचलं?" यंत्राचे कटर क्लॅम्पवर आदळून मोडले होते आणि दोष त्याच्या माथी आला होता. "मुलगा खोटे बोलणारा नाही. पण तारेतून जाताना आकडा बदलू शकतो का?" असे गुरुजींनी विचारले होते.

बदलू शकतो. कसा, ते पाहू.

सी.एन.सी. यंत्राला कोठे जायचे ते अक्षरे व आकड्यांनी सांगावे लागते. 'झेड ५०' म्हणजे कटर ५० मिलिमीटर उंचीवर घे. क्लॅम्प २५ मिलिमीटर उंच असेल तर कटर वरून सुखरूप जाईल. ५०चे १० झाले तर काय होईल ते सांगायला नको. असा प्रोग्रॅम संगणकावर तयार होतो व यंत्राच्या नियंत्रकात जातो. पूर्वी तो कागदी फितीवर भोके पाडून नेत. एका इंचात १० अक्षरे बसत. म्हणूनच जुन्या नियंत्रकांची स्मृती चक्क मीटरमध्ये सांगत! ८० मीटर फीत म्हणजे किती अक्षरे, हे गणित वर्गात जरूर घालावे. उत्तर सुमारे ३१,५०० येते.

फितीची जागा सिरियल केबलने घेतली. आजची यंत्रे नेटवर्कने वा यू.एस.बी.ने प्रोग्रॅम घेतात, पण लहान कारखान्यांतील जुन्या यंत्रांना अजूनही ही केबलच लागते. तिच्यात एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला जोडतात. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी. माहिती मात्र एकपदरी घाटरस्त्यावरच्या गाड्यांप्रमाणे एकामागून एकच जाते.

१९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात प्रत्येक अक्षराला ७ बिट असतात. '५' हा आकडा ०११०१०१ असा लिहितात; तारेत शिरताना उजवीकडचा बिट आधी जातो. त्यांच्या आधी 'सुरुवात' सांगणारा एक बिट, शेवटी 'संपले' सांगणारा एक आणि त्याआधी तपासणीचा एक, असे एका अक्षरामागे १० बिट होतात. वेग ४८०० बॉड ठेवला तर सेकंदाला ४८० अक्षरे जातात. म्हणजे आपली ८० मीटर फीत सुमारे ६६ सेकंदांत. (बॉड हे नाव बोदो या फ्रेंच तारयंत्रतज्ज्ञावरून आले.) दोन्हीकडचा वेग एकच हवा, नाहीतर नुसती अक्षरांची खिचडी होते.

तारेत '१' आणि '०' जातात ते विद्युतदाबाच्या रूपाने. आर.एस.-२३२ हे मानक १९६० साली आले. त्यानुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे '१' आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे '०'. १९६९च्या आवृत्तीत केबलची लांबी सुमारे १५ मीटरपर्यंत ठेवावी असे होते. केबल लांब असली आणि शेजारून वेल्डिंगची किंवा मोठ्या मोटारीची तार गेली, की तिच्यात झटके उमटतात व एखादा बिट उलटा वाचला जातो. आता '५'चा संकेत पुन्हा पाहा. ०११०१०१ मधला उजवीकडून तिसरा बिट बदलला तर होतो ०११०००१, आणि हा संकेत '१'चा आहे! पन्नासचे दहा झाले.

यासाठीच तो तपासणीचा बिट, म्हणजे पॅरिटी. सम पॅरिटीत एकूण '१'ची संख्या सम राहील असा तो बिट ठेवतात. '५'मध्ये चार '१' आहेत, म्हणून पॅरिटी ०. वाटेत एक बिट बदलला की तीन उरतात, आणि नियंत्रक तक्रार करून थांबतो. वर्गात सात मुले ओळीत उभी करा, हात वर म्हणजे '१', आठवे मूल पॅरिटीचे. पाठ फिरवलेल्या मुलाला गुपचूप एक हात बदलून ओळखायला सांगा. मग दोन हात बदला. ०११०११० हा '६' आहे, त्यातही चारच '१', पॅरिटी फसते. म्हणून जाणकार कारागीर पाठविलेला प्रोग्रॅम यंत्रातून परत मागवून मूळ प्रतीशी ताडून पाहतात.

आणखी एक अडचण म्हणजे नियंत्रकाला घास मोठा होतो. तेव्हा तो १९ क्रमांकाचा संकेत पाठवून 'थांब' म्हणतो, १७ क्रमांकाने 'चालू दे'. संगणकाने हे ऐकले नाही तर मधल्या ओळीच गळतात. आणि केबल लावताना दोन्ही यंत्रे बंद हवीत. नाहीतर पोर्टची चिप जळण्याचा धोका असतो.

आम्ही गुरुजींना चार गोष्टी तपासायला कळविल्या: पॅरिटी, केबलची लांबी, तिच्या शेजारी काय आहे, आणि यंत्रातील प्रत. महिन्याने उत्तर आले. केबल ३० मीटर, वेल्डिंगच्या तारेबरोबर एकाच पट्टीतून नेलेली. पॅरिटी दोन्हीकडे बंद. संगणकात झेड ५०, यंत्रात झेड १०. दोन्हींचे कागद मुलाने फोरमनसमोर शेजारी शेजारी ठेवले होते.